वाचकांचे प्रश्न : दहा हजारांचा सुगंध दोन-तीन हजारांत मिळेल का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात एका कृषी सेवा केंद्रात नोकरी करतो. नागपूरला एका लग्नात मित्राने लावलेला डिओर कंपनीचा सोवाज हा सेंट मला फार आवडला. चौकशी केली तेव्हा 100 मिलिची बाटली दहा हजारांच्या घरात असल्याचे कळले. माझा पगार पाहता ते शक्य नाही. तसाच वास कमी पैशांत मिळू शकतो का?

उत्तर : मिळू शकतो, आणि तो घेण्यात कमीपणा वाटून घेण्याचे काही कारण नाही. सोवाज 2015 साली बाजारात आला. फ्रान्स्वा दमाशी या सुगंधकाराने घडवलेल्या या सेंटचा डोलारा मुख्यतः दोन गोष्टींवर उभा आहे : फवारताक्षणी नाकाला भिडणारी बर्गमॉटची, म्हणजे इटलीच्या कॅलाब्रिया भागात पिकणाऱ्या एका लिंबूवर्गीय फळाच्या सालीची, तरतरीत धार; आणि ती ओसरल्यावर तासन्‌तास अंगावर रेंगाळणारे अँब्रोक्सन. ‘व्हेल माशाची उलटी’ जप्त केल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो, त्या अंबरच्या वासाची जागा घेण्यासाठी हे रसायन वापरले जाते. क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीतून मिळणाऱ्या स्क्लॅरिओलपासून ते कारखान्यात तयार करता येते, आणि पैसे मोजणाऱ्या कोणत्याही उत्पादकाला ते विकत घेता येते. शिवाय बाटलीतल्या सेंटमध्ये काय काय आहे, हे आज प्रयोगशाळेतील यंत्रावर बऱ्याच अंशी उलगडता येते. नावावर, बोधचिन्हावर आणि बाटलीच्या घडणीवर कंपनीचा कायदेशीर हक्क असतो. नुसत्या वासावर तसा हक्क मिळवणे फार कठीण. त्यामुळे स्वतःच्या नावाने तशाच वासाचा सेंट विकणाऱ्या कंपन्या उघडपणे व्यवसाय करू शकतात.

या कामात संयुक्त अरब अमिरातीतील कंपन्या विशेष पुढे आहेत. आरमाफचा व्हेंटाना हा सोवाजच्या वळणाचा मानला जातो, आणि लताफाचा असद हा सोवाजच्याच एलिक्सिर या अधिक गडद, मसालेदार प्रकाराजवळ जातो. क्रीड कंपनीच्या 2010 सालच्या अव्हेंटस या अतिशय महाग सेंटचा पर्याय म्हणून आरमाफचाच क्लब द नुई इंटेन्स मॅन जगभर ओळखला जातो. या बाटल्या साधारण दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतात. एक फरक मात्र जाणवेल. पर्यायी सेंटची पहिली दहा-पंधरा मिनिटे बहुधा खडबडीत असतात. लिंबाची धार बोचरी लागते आणि स्पिरिटचा वास डोकावतो. अर्ध्या तासानंतर मात्र मूळ सेंट कोणता आणि पर्यायी कोणता, हे शेजारी बसलेल्या माणसाला सांगता येणे अवघड होते. म्हणून दुकानात फवारा मारून लगेच नापसंती ठरवू नका. मनगटावर लावा, बाजारातली बाकीची कामे उरका आणि मग पुन्हा हुंगा.

हिशेबही करून पाहावा. एका फवाऱ्यात साधारण 0.1 मिलि द्रव बाहेर पडतो, म्हणजे 100 मिलिच्या बाटलीत सुमारे हजार फवारे होतात. दहा हजारांच्या बाटलीचा एक फवारा दहा रुपयांना पडतो, अडीच हजारांच्या बाटलीचा अडीच रुपयांना. रोज तीन फवारे मारले तरी बाटली जवळजवळ वर्षभर पुरते. एकरकमी तेवढेही जड वाटत असेल, तर आपल्या देशातल्या अनेक कंपन्या आता 20 किंवा 30 मिलिच्या बाटल्या काही शे रुपयांत विकतात, त्यांपासून सुरुवात करावी. बॉडी स्प्रेच्या डब्यात मात्र बराचसा भाग वायूचा असतो आणि सुगंधी तेलाचे प्रमाण अगदी थोडे. त्याची तुलना सेंटशी करू नये. बाटलीवर ‘ओ द तुआलेत’ असेल तर सुगंधी तेल साधारण 5 ते 15 टक्के आणि ‘ओ द पार्फम’ असेल तर 15 ते 20 टक्के असते, एवढे लक्षात ठेवले तरी खरेदी चुकत नाही.

मूळ कंपनीचाच सेंट हवा असा आग्रह असेल, तर जुन्यांकडे वळा. डेव्हिडॉफचा 1988 सालचा कूल वॉटर आणि नॉटिकाचा 2006 सालचा व्हॉयेज हे दोन्ही आजही तयार होतात आणि नव्या नामांकित सेंटांच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतात. व्हॉयेजमधला हिरव्या सफरचंदाचा आणि पाण्याचा भास आपल्या उन्हाळ्यात सोवाजपेक्षाही अधिक सुखावतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्या आठवडी बाजारात मोठ्या परदेशी कंपन्यांच्या नावाचे सेंट 300 रुपयांना मिळतात. विक्रेता ‘कंपनीचाच माल आहे’ म्हणतो. घ्यावा का? (एक वाचक, जि. वाशीम)

उत्तर : घेऊ नये. वर सांगितलेला पर्यायी सेंट आणि ही नकली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पर्यायी सेंटवर बनवणाऱ्याचे स्वतःचे नाव असते आणि तक्रार कोणाकडे करायची ते कळते. नकली बाटलीवर दुसऱ्याचे नाव चोरलेले असते आणि आत काय भरले आहे, याला कोणीच जबाबदार नसतो. खोक्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी, वापरण्याची मुदत आणि कमाल किरकोळ किंमत पाहा. आयात केलेल्या मालावर आयातदाराचा पत्ता आणि नोंदणी क्रमांकही असायला हवा. यांतले काही गाळलेले असेल, तर ती बाटली अंगाला लावू नका.

प्रश्न : मी मोटरसायकलवर गावोगाव फिरतो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी मारलेला सेंट दहा वाजेपर्यंतही टिकत नाही, आणि मानेवर तपकिरी डाग पडले आहेत. (एक वाचक, ता. वरोरा, जि. चंद्रपूर)

उत्तर : आधी डागांविषयी. बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांत बर्गाप्टेन नावाचा घटक असतो. तो त्वचेवर असताना कडक ऊन पडले की तिथे असे डाग उमटू शकतात. मानेवर सेंट मारणे आजच थांबवा, आणि डाग फिके होत नसतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. उन्हात जायचे असेल तेव्हा सेंट सुती सदऱ्याच्या आतल्या बाजूला किंवा बनियनवर मारावा. कापडावर तो त्वचेपेक्षा जास्त वेळ टिकतोही.

पारा 45 अंशांवर गेला की कोणताही सेंट लवकर उडणारच. त्यात लिंबाचा भाग सर्वांत आधी जातो. आपल्या नाकालाही तोच वास थोड्या वेळात सवयीचा होतो, त्यामुळे ‘उडाला’ असे वाटले तरी इतरांना तो येत असू शकतो. म्हणून पुन्हा फवारण्याआधी घरच्यांना विचारावे. बाटली कुठे ठेवता, हेही पाहा. टिनाच्या छपराखाली, खिडकीच्या फळीवर ठेवलेली माझी एक चांगली बाटली एकाच उन्हाळ्यात चहाच्या रंगाची झाली आणि तिला आंबूस वास येऊ लागला. तेव्हापासून मी बाटल्या खोक्यासकट कपाटात सर्वांत खाली ठेवतो.

तुमच्यासारख्या दिवसभर उन्हात राहणाऱ्या माणसाला मी अत्तर सुचवेन. ते स्पिरिटात नसून तेलात असल्याने सावकाश उडते. कूलरच्या ताट्या पहिल्यांदा भिजल्यावर घरभर जो वास पसरतो, तोच वाळ्याच्या अत्तराचा. गार, किंचित मातकट आणि मुळासारखा कडवट. उत्तर प्रदेशातील कनौज येथे आजही तांब्याच्या डेगेतून वाफ काढून, ती भपका नावाच्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवून अत्तर बनवतात, आणि तिथेच भाजलेल्या मातीपासून मिट्टी अत्तरही तयार होते. मृगाच्या पहिल्या सरीनंतर तापलेल्या वावरातून येणारा वास ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या अत्तराची ओळख करून द्यावी लागणार नाही. खऱ्या चंदनतेलातले अत्तर महाग असते. स्वस्तात त्याऐवजी पॅराफिनचे तेल असते, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. नागपूर, अमरावती, अकोल्याच्या जुन्या बाजारपेठांतील दुकानांत अत्तर अगदी छोट्या कुपीतही मिळते. कापसाचा हरभऱ्याएवढा फाया घ्या, त्यावर कुपीतील काडी एकदाच टेकवा आणि तो सदऱ्याच्या खिशात, कागदाच्या घडीत ठेवा. नाहीतर कापडावर तेलाचा डाग पडेल.