निरोप घेणारा कोण, देणारा कोण?

प्रश्न असा आहे: 'बारा वर्षं राहिलेलं शहर सोडून मी दुसरीकडे राहायला चाललो आहे. जवळच्या सात-आठ जणांना एकदा घरी बोलवायचं आहे. बोलावण्यात "तुम्हाला निरोप देण्यासाठी भेटू या" असं लिहिलं, तर एका मैत्रिणीने विचारलं, "निरोप तू देणार की आम्ही?" बरोबर काय? आणि परत येण्याचं काहीच नक्की नसताना निघताना "येतो" म्हणणं खोटं नाही का?'

मैत्रिणीचा कान पक्का आहे. जाणारा निरोप घेतो, मागे राहणारे निरोप देतात. तुम्ही निघाला आहात, तेव्हा 'तुमचा निरोप घ्यायचा आहे' असं लिहायला हवं. रोजच्या वापरातली उदाहरणं पाहिली की हे लगेच पटतं. माणूस जगाचा निरोप घेतो. जुन्या वर्षाला मात्र आपण निरोप देतो, कारण वर्ष जातं आणि आपण इथेच असतो. गणपतीलाही निरोप देतो, तो त्याच कारणाने. विभक्तीही बदलते, तीही लक्षात असू द्या: निरोप घ्यायचा तो मित्रांचा, द्यायचा तो मित्रांना.

तुमच्या वाक्यात आणखी एक अडचण आहे. निरोप म्हणजे सांगावासुद्धा. जाणाराच म्हणाला की 'मी मित्रांना निरोप दिला', तर ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येतं की कुणाचा तरी सांगावा पोचवला.

हा घोळ तुमच्या एकट्याचा नाही. 'खेळाडूने मैदानाला निरोप दिला' अशी वाक्यं अलीकडे बरीच दिसतात. जाणारा खेळाडू आहे, म्हणून तिथे 'मैदानाचा निरोप घेतला' हवं. मला वाटतं, यामागे 'गुडबाय'ची सवय आहे. गुडबाय दोन्ही बाजूंनी सारखंच म्हणता येतं. निरोपाला दोन बाजू आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

ती वेगळी का, हे शब्दाच्या पोटात शिरल्यावर कळतं, आणि मला या शब्दाचं वेड आहे ते यासाठीच. 'निरोप' आणि 'निरूपण' ही एकाच घरची भावंडं. जुन्या मराठीत 'निरोपणे' असं क्रियापद होतं. अर्थ सांगणे, उलगडून सांगणे. शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीत ते जागोजागी भेटतं. थोरामोठ्यांनी सांगितलेलं म्हणजे आज्ञा, म्हणून निरोपाला आज्ञेचा अर्थ आला. (शेजारच्या कन्नडमध्ये 'निरूप' हा शब्द जुन्या लेखांत राजाज्ञेसाठी येतो.) आज्ञेतून परवानगी, आणि परवानगीतून जाण्याची परवानगी. सांगाव्याचा अर्थ मुळाजवळ राहिला, ताटातुटीचा अर्थ असा फिरून आला. निरोप घेणं म्हणजे मुळात 'मी जाऊ का?' असं विचारून होकार मिळवणं. मागणारा जाणारा, होकार देणारा राहणारा. जाणाऱ्याने निरोप 'द्यायचा' म्हटला की ही रचनाच उलटी होते.

हे एकट्या निरोपाचं नाही. 'रजा' हा अरबीतून आलेला शब्द, मूळ अर्थ संमती. आज आपण ती कचेरीतून घेतो, पण पूर्वी यजमानाचीही रजा घेत. 'आता आज्ञा असावी' हे तर उघडउघड परवानगी मागणंच. संस्कृतात निरोप घेण्याला 'आ' लावलेला 'प्रच्छ्' धातू वापरतात, आणि प्रच्छ् म्हणजे विचारणे. मेघदूतात यक्ष मेघाला सांगतो, 'आपृच्छस्व प्रियसखममुं तुङ्गमालिङ्ग्य शैलम्': या उंच पर्वताला, तुझ्या लाडक्या मित्राला, मिठी मार आणि त्याचा निरोप घे. दूरच्या वाटेला लागण्याआधी जिवलग मित्राला मिठी मारून विचारायचं. तुमच्या भेटीचं याहून नेमकं वर्णन मला सुचत नाही.

आता 'येतो'.

पुस्तकात आपण निरोप घेतो, पण तोंडाने कुणी जिवलग मित्राला 'मी तुझा निरोप घेतो' म्हणत नाही. ते निवेदकाने कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायचं वाक्य. दारात उभं राहून आपण म्हणतो, 'चल, येतो.' किंवा 'येते गं.' लहानपणी 'जातो' म्हटलं की घरातलं कुणीतरी हटकायचं, 'जातो नाही, येतो म्हणावं.' हे 'जाऊन येतो'चं आखूड रूप आहे आणि आपल्या आजूबाजूच्या भाषांतही ते आहे. तमिळमध्ये 'पोयिट्टु वरेन', कन्नडमध्ये 'होगि बर्तीनी', तेलुगूत 'वेळ्ळि वस्तानु', तिन्हींचा अर्थ जाऊन येतो. बंगालीत नुसतं 'आशि', म्हणजे येतो. गुजरातीत निघणाऱ्याला 'आवजो' म्हणतात, म्हणजे या.

म्हणजे 'येतो' हे परतीच्या तारखेचं आश्वासन नाही. वर्तमानकाळाचं रूप इथे मनातली ओढ सांगतं: मी पाठ फिरवतोय, पण तोंड इकडेच आहे. त्यामुळे परत यायचं नक्की नसलं तरी ते खोटं ठरत नाही. उलट, जिथे ही ओढ बोलून दाखवणं बरं नव्हे तिथे आपण तो शब्द गिळतो. कुणाकडे दुःखाच्या प्रसंगी गेलो, तर उठताना 'येतो' म्हणत नाही, गुपचूप निघतो. शब्दात नुसती रीत असती तर तिथेही तो आपोआप तोंडातून गेला असता.

आणि 'येतो'ला उत्तर काय मिळतं? 'ये.' थोरांना 'या.' एवढंच. माझ्या मते मराठीतला सगळ्यात लहान आणि सगळ्यात पुरा निरोप हाच. एकाने 'येतो' म्हणून परवानगी मागितली, दुसऱ्याने 'ये' म्हणून दिली, आणि दिली ती जाण्याची न देता येण्याची दिली. गणपतीला निरोप देतानाही आपण 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो, त्यातलं 'या' हेच. मी स्वतः एक शहर सोडलं तेव्हा माझा सगळ्यात बोलका मित्र फाटकापाशी हा एकच शब्द बोलला होता. बाकी सगळं विसरलो, ते 'ये' कानात आहे.

बोलावण्यात टाळावेत असे दोन-तीन शब्द सांगतो. 'रामराम ठोकणे' जिवलगांसाठी नको; नोकरीला रामराम ठोकतात, त्यात कंटाळा आणि कायमची पाठ आहे. तुकोबांचा 'आमचा रामराम घ्यावा' यातला रामराम किती नम्र आहे! तोच शब्द 'ठोकणे' जोडल्यावर खरखरीत झाला. 'बोळवण' हा शब्द पूर्वी फार गोड होता, जाणाऱ्याला थोडं अंतर सोबत करून पोचवणं असा; पण आता पोकळ आश्वासनांवर बोळवण होते, त्यामुळे तो वापरताना मन कचरतं. 'निरोप समारंभ' हार-तुऱ्यांचा, सात-आठ मित्रांच्या बैठकीला जड होतो. 'शेवटची भेट' तर मुळीच लिहू नका. 'निघण्याआधीची भेट' म्हणा. 'जाण्याआधी' चूक नाही, पण 'निघणे' या शब्दात घर मागे असतं आणि 'जाणे' या शब्दात नसतं, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

तेव्हा असं काहीसं लिहा: 'मी इथलं बिऱ्हाड हलवतोय. निघण्याआधी तुम्हा सगळ्यांचा निरोप घ्यायचा आहे. शनिवारी संध्याकाळी घरी या.' मैत्रीण पुन्हा विचारेल, 'आणि आम्ही काय करायचं?' तर सांगा, निरोप द्यायचा. मग पोचल्यावर तुम्ही त्यांना निरोप धाडालच, या खेपेला सांगाव्याच्या अर्थाने. आणि तो देण्याचा हक्क मात्र पूर्णपणे तुमचा.