ताळगावच्या पठारावर जाण्याआधी

अरे, ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलास की आधी इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह बघ. संशोधनाचा विषय नंतर ठरव; मी उलटं केलं आणि एक अख्खा पावसाळा फुकट घालवला.

पोर्तुगीज कागदांत आपलीच माणसं वेगळ्या वेषात भेटतात. कामत तिथे 'कामोतीं' होतो, शेणवी 'सिनाय', आणि पणजी कधी 'पांजीं' तर कधी 'नोवा गोवा'. त्यामुळे एकाच नावाची चार स्पेलिंगं वहीत लिहून ने. मोडी येत नसेल तर शिकायला आजच बस. पेन नको, पेन्सिल ने. दमटपणाने चिकटलेली पानं नखाने सोडवू नकोस, तिथल्या माणसाला हाक मार. तो वैतागेल, पण मदत करेल. आणि जुने दस्तऐवज हवे असतील तर पणजीचं पुराभिलेखागार वेगळं, १५९५ सालचं.