मामा-भाच्याचा वाद: मोरिन्होचं नेमकं चुकलं कुठं?

या महिन्याच्या टपालात एकाच घरातली दोन पत्रं आली. मामा कोल्हापूरचे, मँचेस्टर युनायटेडचे कट्टर. भाचा पुण्यात अकरावीला, लिव्हरपूलचा. सुट्टीत दोघांनी 16 डिसेंबर 2018 चा ॲनफिल्डवरचा, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावरचा, या दोन संघांचा सामना पुन्हा लावून पाहिला आणि वादाला तोंड फुटलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: लिव्हरपूलनं तो सामना 3-1 नं जिंकला आणि दोनच दिवसांत युनायटेडनं मॅनेजर होजे मोरिन्होची गच्छंती केली. दोन्ही पत्रं थोडी छाटून देतोय. विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न: सर, मामा ऐकूनच घेत नाही. अडीच वर्षांत सुमारे 40 कोटी पौंड ओतले. तेव्हाचा जगातला सगळ्यात महाग खेळाडू पोग्बा आणला आणि त्यालाच ॲनफिल्डवर बाकावर बसवून ठेवलं. सगळे मागे उभे करायचे, पुढे एक उंच माणूस ठेवायचा आणि त्याच्या डोक्यावर लांब चेंडू टाकायचा! असलं फुटबॉल 2018 साली कोण खेळतं? हा माणूस 2004 मध्येच अडकला होता असं माझं म्हणणं आहे. चूक आहे का?
– लिव्हरपूलवाला भाचा, पुणे

उत्तर: निम्मं बरोबर आहे. पण जे निम्मं चूक आहे ते आधी घेऊ, कारण ते मला लागलं. मी उमेदीची सगळी वर्षं स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, म्हणून खेळलो, आता पोरांना शिकवतो. मागे राहून बचाव करणं म्हणजे जुनाटपणा, हे मी कुणाकडूनच ऐकून घेणार नाही.

16 एप्रिल 2017 चा युनायटेड विरुद्ध चेल्सी सामना शोधून बघ. चेल्सी त्या वर्षी विजेते झाले आणि त्यांची सगळी भिस्त एडन हझार्डवर होती. मोरिन्होनं अँडर हेरेराला एकच काम दिलं: हझार्ड जाईल तिथं जायचं. हेरेरानं त्याला सावलीसारखं धरलं, वर एक गोल करून दिला आणि एक स्वतः केला. युनायटेड 2-0 नं जिंकलं. चेल्सीला नव्वद मिनिटांत गोलाच्या चौकटीत एकही फटका मारता आला नाही. माणसामागे माणूस लावणं ही आपल्या पेठांमधल्या जुन्या कोचांची युक्ती, पण त्या दिवशी ती सोळा आणे लागू पडली.

पुढच्याच महिन्यात स्टॉकहोमला युरोपा लीगची अंतिम फेरी झाली. समोर आयाक्सचा तरुण संघ, चेंडू गेला की धावून येऊन घेरणारा. मोरिन्होनं ठरवलं की मागून छोटे पास खेळायचेच नाहीत. चेंडू थेट वर, मारुआन फेलेनीच्या छातीवर. घेरायला चेंडूच खाली नाही म्हटल्यावर आयाक्सची पोरं नुसती धावत राहिली. 2-0. म्हणजे नव्या पद्धतीला उत्तर कसं द्यायचं हे त्याला कळत होतं. तू ज्या लांब चेंडूला नावं ठेवतोस, त्यानंच तो कप आणला.

आता तुझं बरोबर कुठं आहे ते सांगतो. एका रात्रीपुरती युक्ती वेगळी आणि ऑगस्ट ते मे रोज खेळायची पद्धत वेगळी. चेंडू काढून घेतल्यावर पुढे काय करायचं, याची बांधणी मोरिन्होच्या युनायटेडमध्ये दिसत नव्हती. सगळ्यात पुढे उभा असलेला लुकाकू गोलाकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, आणि सगळ्यात जवळचा साथीदार त्याच्यापासून वीस-पंचवीस मीटरवर. तो बिचारा दोन बचावपटूंच्या मध्ये चेंडू किती वेळ धरणार? चेंडू गेला की परत सगळे मागे. अशा खेळात स्टॉपरचे पाय थकत नाहीत, डोकं थकतं. तुम्ही चेंडू उडवता, तो परत येतो. पुन्हा उडवता, पुन्हा येतो. पन्नासाव्या मिनिटाला बरोबर उभा असलेला माणूस सत्तराव्या मिनिटाला एक पाऊल उशिरा पोचतो, आणि त्याचं त्यालाही समजत नाही.

ॲनफिल्डवरचा पहिला गोल पुन्हा बघ. 24 वं मिनिट. फॅबिन्होच्या पायात चेंडू, आणि त्याच्या अंगावर कुणीच नाही. त्यानं मान वर केली, बघितलं आणि बचावफळीच्या डोक्यावरून अलगद चेंडू टाकला. सादियो मानेनं तो छातीवर उतरवून मारला. सगळे मानेचं कौतुक करतात. माझी नजर फॅबिन्होवर जाते. पास देणाऱ्याला एवढी सवड मिळाली तर जगातली कुठलीही बचावफळी उघडी पडेल. 2004 मध्ये खेळाडूला अशी सवड दिली तर चालून जायचं, कारण पलीकडून तीन-चार जण एकाच वेळी बचावफळीच्या पाठीमागे धावायचे नाहीत. लिव्हरपूलचे मॅनेजर क्लॉप यांचे धावायचे. आक्रमण बदललं, मोरिन्होचा बचाव तोच राहिला. ‘जुनाट’ शब्द वापरायचाच असेल तर इथं वापर.

पैशाचं म्हणशील तर पोग्बाचे 8 कोटी 90 लाख पौंड, लुकाकूचे साडेसात कोटी, एकोणतिशीतल्या मॅटिचचे 4 कोटी हे आकडे खरे आहेत. ॲलेक्सिस सांचेझ मखितारियानच्या बदल्यात आला, पण पगार डोळे पांढरे करणारा, आणि युनायटेडसाठी त्याचे गोल सगळे मिळून 5. पण बाळा, तुझा क्लब काही कवडी-कवडी जमवून उभा राहिलेला नाही. व्हॅन डाइकचे साडेसात कोटी कुणी मोजले? ॲलिसन, केटा, फॅबिन्हो एकाच उन्हाळ्यात कुणी आणले? कुटिन्होला बार्सिलोनाला विकून 14 कोटींच्या घरात रक्कम आली, म्हणून ते झेपलं. फरक किती खर्च केला यात कमी आणि कशासाठी केला यात जास्त आहे. रॉबर्टसन सुमारे 80 लाखांत आला, खालच्या विभागात घसरलेल्या हल सिटीकडून. त्याला आणताना त्याचं काम ठरलेलं होतं: डाव्या कडेनं दिवसभर वर-खाली करायचं. पोग्बा आला तेव्हा युनायटेडमध्ये कुणाला विचारलं असतं की हा नेमका कुठं खेळणार, तर तीन जणांनी तीन उत्तरं दिली असती.

प्रश्न: भाचा आमचा कालचं पोर. मी युनायटेडची 1999 ची बार्सिलोनातली चॅम्पियन्स लीग फायनल जागून बघितलेला माणूस आहे. मोरिन्होनं पहिल्याच वर्षी लीग कप आणि युरोपा लीग दिली. दुसऱ्या वर्षी 81 गुण घेऊन दुसरा नंबर. तोवर क्लॉपनं लिव्हरपूलला एक तरी कप दिला होता का? 2018 च्या उन्हाळ्यात मोरिन्हो एक चांगला स्टॉपर मागत होता, तो दिला नाही. ॲनफिल्डवर लिव्हरपूलच्या शाकिरीचे दोन्ही गोल आमच्याच पोरांना लागून आत गेले. नशीब फिरलं की सगळेच शहाणे होतात. त्या माणसावर अन्याय झाला, एवढं तरी लिहा.
– युनायटेडवाला मामा, कोल्हापूर

उत्तर: कपांबद्दल तुमच्या बाजूनं आहे. क्लॉप 2015 च्या ऑक्टोबरमध्ये आले आणि लिव्हरपूलला पहिला मोठा करंडक 2019 च्या जूनमध्ये मिळाला. मधल्या काळात तीन अंतिम सामने हरले. त्यांना वेळ मिळाला, मोरिन्होला तेवढा मिळाला नाही, हे तुम्ही भाच्याला ठणकावून सांगा. 81 गुणही थट्टेवारी नेण्यासारखे नाहीत. मँचेस्टर सिटीनं त्याच वर्षी 100 गुण केले म्हणून ते झाकोळले गेले.

शाकिरीचं मात्र मला पटत नाही. पहिला गोल यंगला लागून गेला, दुसरा बायीला लागून, खरं आहे. पण त्या सामन्यात लिव्हरपूलनं 36 फटके मारले आणि युनायटेडनं 6. तुमच्या डीमध्ये 36 वेळा गोळा येऊन पडणार असेल तर एखाद-दुसरा कुणाच्या तरी पायाला लागून आत जाणारच. त्याला नशीब म्हणता येत नाही.

आणि आता एक गोष्ट लिहितो, ती तुम्हाला झोंबेल. 2017-18 च्या 38 सामन्यांत युनायटेडनं 28 गोल खाल्ले होते. एवढे कमी, यात मोठा वाटा गोलकीपर डी गेयाच्या हातांचा. पुढच्या हंगामात पहिल्या 17 सामन्यांतच 29 झाले. केले किती? तेही 29. सहावा नंबर, लिव्हरपूलच्या 19 गुण मागे. मोरिन्होचा खेळ बघायला रुक्ष असेल, तरी गोल खाणार नाही, हा त्याचा शब्द होता. 2004-05 ला त्याच्या चेल्सीनं अख्ख्या हंगामात 15 गोल खाल्ले होते. आम्हा बचावपटूंना तो माणूस आपला वाटायचा तो त्यामुळे. तोच शब्द मोडल्यावर त्याच्या बाजूनं बोलायला काय उरतं? 2018 च्या ऑगस्टमध्ये टॉटनहॅम युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर येऊन 3-0 नं जिंकून गेलं, तेव्हा तो पत्रकारांना तीन बोटं दाखवून आपली तीन प्रीमियर लीग विजेतेपदं मोजत होता आणि आदर मागत होता. मला ते बघून वाईट वाटलं. एवढ्या मोठ्या कोचनं त्या रात्री मधल्या फळीतल्या खिंडाराबद्दल बोलायला हवं होतं.

स्टॉपर न दिल्याबद्दलची तुमची तक्रार बिनबुडाची नाही. सप्टेंबरमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध मॅक्टॉमिने या मधल्या फळीतल्या पोराला मागे उतरवावं लागलं आणि 3-1 नं मार खाल्ला. पण क्लबची बाजूही बघा. बायी आणि लिंडेलॉफ, दोघंही स्टॉपर, दोघंही मोरिन्होच्याच काळात प्रत्येकी तीन कोटींच्या आसपास पौंड मोजून आणलेले. त्या दोघांवर त्याचाच भरवसा नव्हता. मग तिसऱ्याला पैसे देताना कुणीही हात आखडता घेईल.

माझा खरा राग क्लबवर आहे. युनायटेडचे जुने मॅनेजर फर्ग्युसन 2013 मध्ये निवृत्त झाले. मग मॉइस आले, त्यांनी फेलेनी आणि माटा घेतले. व्हॅन गाल आले, त्यांच्या वेळी डी मारिया जवळपास सहा कोटींना आला आणि वर्षभरात निघून गेला. मग मोरिन्हो. तिघांच्या खेळण्याच्या तीन तऱ्हा, आणि प्रत्येकाची खरेदी पुढच्याच्या गळ्यात. आपला संघ कसा खेळणार हे आधी ठरवून त्याप्रमाणे मॅनेजर आणि खेळाडू निवडणारा माणूस क्लबात हवा होता. लिव्हरपूलनं असा माणूस 2016 मध्ये नेमला. युनायटेडमध्ये फुटबॉल डायरेक्टर हे पद भरायला 2021 चा मार्च उजाडला. मोरिन्होला आणि त्याच्या मदतनिसांना काढायला 1 कोटी 96 लाख पौंड गेले, तेही याच हिशेबात धरा. रॉबर्टसनसारखे दोन जण आले असते तेवढ्यात.

तेव्हा अन्याय झाला का? डिसेंबरमध्ये काढलं यात मला अन्याय दिसत नाही. 2016 मध्ये नेमताना, या माणसाची तऱ्हा आपल्याला परवडणार आहे का, याचा विचार झाला नाही. तिथं तो स्वतः, क्लब आणि तुम्ही चाहते, सगळेच फसलात.

प्रश्न: प्रेसिंग प्रेसिंग म्हणतात ते म्हणजे जास्त पळणंच ना? आमचे सर नुसतं “पळा” म्हणतात.
– शाळेच्या संघातली हाफ, ठाणे

उत्तर: नाही गं. प्रेसिंग म्हणजे चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून समोरच्याला घेरणं. एकटी धावलीस तर समोरची एक पास देऊन तुला मोकळी करेल आणि तुझ्या मागची जागा उघडी पडेल. पहिली मुलगी चेंडूवर जाते ती तिरकी, म्हणजे एका बाजूचा पास तिच्या अंगानंच बंद होतो. दुसरी आणि तिसरी उरलेल्या पासच्या वाटेवर आधीच जाऊन उभ्या असतात. चौघी मिळून निघाल्या तरच निघायचं, नाहीतर जागेवर थांबायचं. चेंडू गेल्यानंतरची पहिली चार-पाच सेकंदं सगळ्यात मोलाची, कारण चेंडू हिसकावणाऱ्या मुलीनं अजून मान वर केलेली नसते. सरांना हे वाचून दाखव.

प्रश्न: मोरिन्हो गेला आणि चारच दिवसांत त्याच खेळाडूंनी कार्डिफला 5 गोल मारले. म्हणजे पोरं मुद्दाम खेळत नव्हती का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: मुद्दाम हरण्याचा आरोप मी पुराव्याशिवाय करणार नाही. मोरिन्होच्या जागी आलेल्या सोल्स्कयारनं पोग्बाला पुढे मोकळं सोडलं, रॅशफर्ड आणि मार्शियालला बचावफळीच्या मागे पळायला सांगितलं, आणि लीगमध्ये एका सामन्यात पाच गोल हे फर्ग्युसनच्या शेवटच्या सामन्यानंतर पहिल्यांदाच झाले. पोरं सुटल्यासारखी खेळली. पण हंगाम संपला तेव्हा नंबर सहावाच होता. सुटल्याचा आनंद काही महिने पुरतो. पद्धत बसवायला त्याहून जास्त काळ लागतो, आणि ती कुणी बसवली नव्हती.

प्रश्न: टीव्हीवर फक्त चेंडू दिसतो. कोचचे डावपेच चुकले की खेळाडू, हे घरबसल्या कसं ओळखायचं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: वर सांगितलेला ॲनफिल्डवरचाच सामना घ्या. पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका. युनायटेडचा सगळ्यात पुढचा खेळाडू आणि सगळ्यात मागचा बचावपटू यांच्यात किती अंतर आहे तेवढंच बघा. मग लिव्हरपूलचं तेच बघा. दुसरं, चेंडू गेला की सगळ्यात जवळचा माणूस काय करतो, पुढे जातो की मागे वळतो? एकच जण मागे वळत असेल तर तो आळशी आहे. सगळेच वळत असतील तर त्यांना तसं सांगितलेलं आहे.