अलास्का हायवे, पण अलास्काशिवाय!

प्रश्न: नमस्कार दादा, मी इंदिरानगर, नाशिकहून लिहितेय. मुलगा एडमंटनला असतो, पुढच्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. आमच्या ह्यांना अलास्का हायवेचं भयंकर वेड, रिटायर झाल्यापासून यूट्यूबवर तेच चालू असतं. पण कॅनडाचा व्हिसा आहे, अमेरिकेचा नाही, आणि आता परत ते इंटरव्ह्यू वगैरे नको वाटतं. मुलगा म्हणतो नुसती झाडंच झाडं, बोअर व्हाल. त्याला दहा दिवस सुट्टी मिळेल. आम्ही शाकाहारी. जावं का?

उत्तर: ताई, जा. आणि अमेरिकेचा व्हिसा नाही म्हणून तर अजिबात अडू नका, कारण नाव अलास्का हायवे असलं तरी रस्ता बहुतेक सगळा कॅनडातच आहे! ब्रिटिश कोलंबिया या कॅनडाच्या प्रांतातल्या डॉसन क्रीकला सुरू होतो, कॅनडाच्याच उत्तरेकडच्या यूकॉनमधून जातो आणि पलीकडच्या अलास्कात, म्हणजे अमेरिकेच्या राज्यात, डेल्टा जंक्शनला संपतो. एकूण साधारण 2,230 किलोमीटर, म्हणजे नाशिकहून दिल्लीला जाऊन परत येताना महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंत यावं एवढं. त्यातले अलास्कातले फक्त सव्वातीनशेच्या आसपास. आणि खरं सांगू का, बघण्यासारखं जे आहे ते जवळपास सगळं बॉर्डरच्या अलीकडे आहे, त्यामुळे त्या शेवटच्या तुकड्यासाठी व्हिसाची यातायात मी तरी करणार नाही.

मुलाचं म्हणणं अर्धं खरंय. झाडं आहेतच, आणि डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन हा साडेचारशे किलोमीटरचा पहिला टप्पा तर बराच सपाट आणि कंटाळवाणा आहे, तो झोपून काढलात तरी चालेल (चालवणाऱ्याने सोडून). पण फोर्ट नेल्सन सोडलं की रॉकी पर्वत सुरू होतो, स्टोन माउंटन, मग मंचो लेकचं ते हिरवं-निळं पाणी, मग लायर्डचे गरम पाण्याचे झरे. झऱ्यांवर निवांत अर्धा दिवस काढा, काकांचे गुडघे खूष होतील. या पट्ट्यात गवे म्हणजे बायसन अगदी रस्त्याच्या कडेने चरत असतात, जंगली मेंढ्या मीठ चाटायला रस्त्यावर येतात, अस्वलंही दिसतात, फोटो गाडीतूनच काढायचे, काच खाली करून सेल्फीचा नाद नको.

पण या रस्त्याची खरी मजा त्याच्या गोष्टीत आहे, ती माहीत नसेल तर मुलगा म्हणतो तसं होतं. डिसेंबर 1941 मध्ये जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिकेला एकदम जाणवलं की अलास्काला जायला जमिनीवरून रस्ताच नाहीये. मार्च 1942 मध्ये सैन्याने काम सुरू केलं, जूनमध्ये जपानने अलास्काची अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली तशी घाई आणखी वाढली, आणि नोव्हेंबरमध्ये रस्ता आरपार झाला पण! आठेक महिन्यांत! दहा हजारांहून जास्त सैनिक राबत होते, त्यातले तिसरा हिस्सा काळे. तेव्हा अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असायच्या, आणि पुढची कित्येक वर्षं यांचं नावही कोणी फारसं घेतलं नाही. अलास्काच्या हद्दीजवळच्या बीव्हर क्रीकपाशी दोन्ही टोकांकडून रस्ता करत आलेले बुलडोझर ऑक्टोबरमध्ये समोरासमोर आले तेव्हा एकावर काळा सैनिक होता, दुसऱ्यावर गोरा. आणि ज्यांच्या जमिनीतून हे सगळं गेलं त्या तिथल्या मूळ लोकांच्या वाट्याला काय आलं, तर गोवरासारख्या साथी. हेही काकांना सांगा, व्हिडिओत फक्त डोंगर दाखवतात.

त्यात जमीन अशी की खालचा थर बारा महिने गोठलेला. सैनिकांनी वरचं शेवाळ-माती खरवडली की ऊन लागून खालचा बर्फ वितळायचा आणि ट्रक चिखलात रुतायचे, मग कळलं की शेवाळाला हात लावायचाच नाही, त्यावरच ओंडके आडवे अंथरून भराव टाकायचा. ते दुखणं अजून गेलेलं नाही, डिस्ट्रक्शन बे ते बीव्हर क्रीक या भागात डांबरी रस्ता आजही लाटांसारखा वरखाली होतो, तिथे स्पीड कमी ठेवा नाहीतर मागे बसलेल्याचं डोकं छताला!

आता दहा दिवसांचं गणित. एडमंटन ते यूकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स एका बाजूनेच दोन हजार किलोमीटर, तिथून क्लुएन लेक आणखी दोनशेच्या वर. म्हणजे जाऊन-येऊन रोज साडेचारशेच्या आसपास चालवायचे आणि बघायचं कधी? मुलाला सांगा दोन आठवडे काढ. क्लुएन लेकला सोल्जर्स समिट नावाची जागा आहे, तिथेच 20 नोव्हेंबर 1942 ला रस्त्याचं उद्घाटन झालं, तिथून मागे फिरलात तरी रस्ता केल्याचं समाधान पुरेपूर. सुट्टी वाढतच नसेल तर व्हाइटहॉर्सच्या आधी वाटेत लागणाऱ्या वॉटसन लेक गावावरून परत फिरा. तिथे 1942 मध्ये एका सैनिकाला घरची आठवण आली म्हणून त्याने आपल्या गावाची पाटी ठोकली, मग येणारा जाणारा ठोकतच राहिला, आज हजारो पाट्यांचं जंगल झालंय. पर्यटकांना पाटी लावू देतात, तेव्हा इथूनच प्लायवर 'नाशिक' रंगवून घेऊन जा.

बाकी पटापट सांगतो. जून ते मध्य सप्टेंबर जा. नॉर्दर्न लाइट्स हवे असतील तर ऑगस्टअखेरनंतर, जून-जुलैत रात्र नीट होतच नाही. साधी गाडी चालते, रस्ता डांबरी आहे, पण दुरुस्तीच्या ठिकाणी खडी असते आणि समोरच्या काचेला टवका उडतोच, गाडी भाड्याची असेल तर खडीवर इन्शुरन्स चालतो का ते आधी विचारा. टाकी अर्धी झाली की भरायची, पुढे पंप आहे असं मॅपवर दिसलं म्हणून तो चालूच असेल असं नाही. गावं सोडली की मोबाइलला रेंज नाही, मॅप ऑफलाइन करून ठेवा. काकांना चालवायची हौस असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, आणि तिकडे उजवीकडून चालवतात!

जेवणाचं म्हणाल तर हॉटेलात बर्गर, फ्राइज आणि दालचिनीचे मोठाले बन, याच्या पलीकडे फारसं काही मिळणार नाही. छोटा स्टोव्ह घ्या, मोठ्या गावात सुपरमार्केट असतं तिथून भाजी, तांदूळ, डाळ भरा. चिवडा घरून न्या, विमानतळावर खाण्याचं डिक्लेअर मात्र करा. आणि खायचं काहीही तंबूत ठेवायचं नाही, अस्वलाला चिवडाही चालतो.

प्रश्न: सर, मी सिडकोत राहतो, इंजिनिअरिंगला आहे. हा हायवे हिवाळ्यात बंद असतो का? एवढ्या थंडीत गाडी सुरू कशी होते?

उत्तर: बंद नसतो रे, बारा महिने चालू. बीव्हर क्रीकजवळच्या स्नॅगला फेब्रुवारी 1947 मध्ये उणे 63 अंश नोंदवलेत, आपण निफाडचं तापमान पेपरात वाचून गारठतो! तिकडच्या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून एक प्लग लोंबताना दिसतो, तो ब्लॉक हीटरचा. रात्री गाडी लावली की तो विजेच्या पॉइंटला जोडायचा, इंजिन कोमट राहतं, नाहीतर ऑइल इतकं घट्ट होतं की स्टार्टरला इंजिन फिरवताच येत नाही, त्यात गारठ्याने बॅटरीचा जोरही निम्मा होतो. टायर हिवाळ्याचे वेगळे, कारण साध्या टायरचं रबर थंडीत कडक होऊन पकड सोडतं. प्रोजेक्टला विषय हवा असेल तर हाच घे, सरांना सोलर ट्रॅकर बघून बघून कंटाळा आला असेल.