झेंडू पेटतो, सीएसएमटी सपाट होतं: एडिट केलेले फोटो खोटे का वाटतात

तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले, आधीचे आणि नंतरचेही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: काही आठवडे फोनवर स्नॅपसीड आणि लॅपटॉपवर गिंप ही फोटो एडिट करायची सॉफ्टवेअर चालवून बघताय, मरीन ड्राइव्हची रात्र, दादरचा फुलबाजार आणि सीएसएमटी असे तीन फोटो 'सुधारले', घरच्यांना आवडले, पण तुम्हालाच ते खोटे वाटतात. प्रिंट काढली तर ती काळपट आली. आणि ऑफिसातला मित्र म्हणतो, फोटोशॉप घेतल्याशिवाय खरं नाही.

मित्राचं आधी मिटवून टाकू. गिंप १९९० च्या दशकापासून आहे, फुकट आहे, आणि २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून लावलेला फिल्टर नंतर बदलता किंवा काढताही येतो. ही सोय पूर्वी नव्हती म्हणून लोक नाक मुरडायचे. रॉ फाइलींसाठी (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता दिलेला कच्चा फोटो) डार्कटेबल आणि रॉथेरपी आहेत, तेही फुकट. तुम्ही जे करताय त्यातलं काहीही पैशावाचून अडत नाही. फोटोशॉपमध्येही तुम्ही हेच स्लायडर असेच शेवटपर्यंत ओढले असते.

तिन्ही फोटोंत गडबड एकच आहे. एडिट झाल्यावर उजेड कुठून येतोय ते कळत नाही. बघणाऱ्याला तांत्रिक काही माहीत नसतं, पण जन्मभर उजेड-सावलीत वावरल्यामुळे डोळ्याला ते लगेच खटकतं. सावली उजळ, ऊन मंद, आकाश गडद, सगळीकडे धार सारखीच, असं चित्र त्याने प्रत्यक्षात कधी पाहिलेलं नसतं. तो कारण सांगू शकत नाही, फक्त 'जरा जास्त झालंय' म्हणतो.

सीएसएमटी घ्या. तुमच्या मूळ फोटोत इमारतीचं तोंड अंधारात आहे, आकाश पांढरं. तुम्ही स्नॅपसीडमधलं एचडीआर स्केप (सावली उजळ आणि उजेड मंद करणारा फिल्टर) लावलं, वर स्ट्रक्चर (बारीक तपशील ठळक करणारा स्लायडर) वाढवलं, शॅडोज म्हणजे सावल्या पूर्ण उजळल्या. आता घुमटाभोवती पांढरी कड आली आहे, जणू मागे ट्यूबलाइट लावलीय, आणि नक्षीकाम भिंतीवर चिकटवलेल्या छापील कागदासारखं दिसतंय. त्या नक्षीवर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी काम केलं होतं. दगडात कोरलेली वेल, माकड, मोर डोळ्याला दिसतात ते खोबणीतल्या सावलीमुळे. सावली काढलीत की कोरीवपण गेलं.

यात फोनचाही हात आहे. आजचा फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, सावल्या वर आणतो, आकाश खाली ओढतो, धार लावतो, आणि मग तुम्हाला जेपेग, म्हणजे नेहमीची आकसलेली फोटो फाइल देतो. म्हणजे तुमच्या हातात येतो तो एकदा एडिट झालेला फोटो, आणि त्यावर तुम्ही तेच पुन्हा करता. फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ मिळत असेल तर तो घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १२ बिटांच्या रॉमध्ये ४०९६. जेपेगचं आकाश थोडं जास्त ताणलं की त्यात पट्टे दिसू लागतात ते यामुळेच. मात्र रॉ घेतला म्हणून सावलीत हवं ते मिळेल असंही नाही. सावलीत मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो, तो भाग उजळला की त्याच्याबरोबर दाणेदार कचराही उजळतो.

या फोटोचा खरा इलाज मात्र सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे, महापालिकेच्या इमारतीकडे तोंड करून आहे. तुम्ही गेलात सकाळी, तेव्हा सूर्य इमारतीच्या पाठीमागे. हिवाळ्यात एखाद्या दिवशी दुपारी चारनंतर जाऊन बघा, तिरपं ऊन समोरच्या दगडावर येतं आणि स्लायडरला काम उरत नाही. सकाळचाच फोटो ठेवायचा असेल तर तो सकाळचाच दिसू द्या: इमारत गडद, मागून उजेड. शॅडोज एवढ्याच उचला की दरवाजे-खिडक्या ओळखू येतील.

आणि हो, इमारत मागे झुकलेली दिसते कारण फोन वर उचलून धरला होता. पर्स्पेक्टिव्ह नावाच्या हत्याराने उभ्या रेषा सरळ करता येतात, पण शंभर टक्के सरळ करू नका, वरचा घुमट ताणला जाऊन बेढब होतो. थोडा झुकाव राहू द्या. या दुरुस्तीत कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच आजूबाजूला मोकळी जागा सोडायची.

आता फुलबाजार. तिघांत हाच फोटो सर्वांत चांगला आहे आणि तुम्ही हाल केलेत तेही याचेच सर्वांत जास्त.

झेंडूचा ढीग म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षा. तुम्ही लिहिलंय, 'हिस्टोग्राम मधोमध होता, तरी फुलं पेटल्यासारखी का?' हिस्टोग्राम म्हणजे फोटोत गडद ते उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख, आणि तुम्ही पाहिलात तो एकत्रित उजेडाचा. त्या हिशेबात साधारणपणे हिरव्या रंगाचं वजन ७२ टक्के, लालचं २१ आणि निळ्याचं फक्त ७ धरतात, डोळ्याची संवेदना तशी असते म्हणून. केशरी झेंडूत लाल ठासून भरलेला, हिरवा मध्यम, निळा जवळपास नाहीच. लाल आधीच छताला टेकलेला असतो आणि हिशेब म्हणतो सगळं आलबेल आहे. एकदा लाल भरला की पाकळीची उजळ बाजू आणि सावलीची बाजू दोन्ही एकाच आकड्यावर येतात. पाकळ्या संपतात, उरतो केशरी लगदा. त्यावर तुम्ही सॅच्युरेशन वाढवलंत.

म्हणून तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम लावून बघा, गिंपमध्ये आहे. लाल उजव्या भिंतीला चिकटला असेल तर सॅच्युरेशन वाढवायचं नाही, उलट थोडं कमी करा आणि एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) खाली आणा. पाकळ्या परत दिसू लागतील. रॉ असेल तर बऱ्याच. जेपेग असेल तर गेलं ते गेलं. पुढच्या वेळी झेंडू, जास्वंद, लाल पैठणी असं काही समोर असेल तर फोटो काढतानाच एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) कमी ठेवा. स्क्रीनवर जरा काळपट दिसेल, दिसू द्या.

दुसरी भानगड याहून मजेशीर आहे. फुलं सावरायला तुम्ही नारिंगी रंगाचा स्लायडर खाली ओढलात आणि फुलवाल्या मावशींचा चेहरा मातकट झाला. मग चेहरा उजळायला तोच स्लायडर वर नेलात आणि फुलं पुन्हा पेटली. आपल्या त्वचेचा रंग आणि झेंडू दोघेही रंगचक्रात नारिंगीच्याच घरात राहतात, एकाला हलवलं की दुसरा हलणारच. इथे पूर्ण फोटोवर चालणारं कुठलंच हत्यार उपयोगी नाही. फुलांवर वेगळा मास्क (बदल फोटोत कुठे लागावा ते ठरवणारं आवरण), चेहऱ्यावर वेगळा. गिंपमध्ये लेयरची (फोटोच्या थराची) दुसरी प्रत काढून त्यात बदल करा, त्यावर काळा मास्क टाका आणि बदल हवा तिथे मोठ्या मऊ ब्रशने पांढरं रंगवत जा. स्नॅपसीडमध्ये केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन तो बदल फक्त हवा तिथे बोटाने लावता येतो. बरेच जण ती यादी कधी उघडतच नाहीत.

मावशींच्या चेहऱ्यावर निळसर छटा आहे ती डोक्यावरच्या निळ्या ताडपत्रीमुळे. पावसाळ्यात मुंबईतले निम्मे फोटो या ताडपत्रीच्या उजेडात निघतात. व्हाइट बॅलन्स (फोटोची उबदार-थंड छटा ठरवणारी सेटिंग) पूर्ण फोटोला उबदार केलात तर बाहेरचा रस्ता पिवळा पडतो. चेहऱ्यावरच्या मास्कमध्ये थोडी ऊब द्या, पण निळं पूर्ण पुसू नका, ताडपत्री फ्रेममध्ये दिसतेय ना! ती दिसते आणि तिचा उजेड दिसत नाही, हेही खोटंच.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. मावशींची त्वचा तुम्ही मऊ केलीत आणि दोन छटा गोरी केलीत. फोन हे न विचारताही करतो, त्यामुळे आधी कॅमेऱ्यातला ब्यूटी मोड बंद करा. पहाटेपासून फुलं विकणाऱ्या बाईच्या चेहऱ्यावरच्या रेषा हाच त्या फोटोतला ऐवज आहे. चेहरा ओळखू येईल इतका उजेड जरूर द्या, रंग बदलू नका. हे माझं मत, पण ठाम आहे.

मरीन ड्राइव्हच्या फोटोवर फार बोलण्यासारखं नाही. ऑटो व्हाइट बॅलन्स दाबलात आणि सगळा रस्ता राखाडी झाला. २०१५ मध्ये तिथले पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले तेव्हा शहरात केवढी ओरड झाली होती, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तुम्ही एका बटणात तेच करून मोकळे झालात! पांढरं ते पांढरंच दिसलं पाहिजे हा नियम दुपारच्या कपड्यांच्या फोटोला ठीक आहे. रात्रीच्या दिव्यांना त्यांचा पिवळेपणा अर्धा तरी ठेवा. एखाद्या जुन्या गल्लीत अजून सोडियमचा दिवा असेल तर तिथे मात्र स्लायडर कितीही ओढा, निळा रंग येणार नाही, कारण त्या दिव्याच्या उजेडात निळं जवळजवळ नसतंच. तो फोटो सरळ कृष्णधवल करा, छान होतो.

डीहेझ, म्हणजे धूसरपणा काढणाऱ्या स्लायडरबद्दलही तुम्ही विचारलं होतंत. दमट हवेचा धूसरपणा म्हणजे दूरच्या गोष्टी फिक्या आणि जवळच्या ठळक. अंतर त्यानेच कळतं. जवळच्या टेट्रापॉडला कॉन्ट्रास्ट द्या, मलबार हिलच्या इमारती धूसरच राहू द्या. पूर्ण फोटोला डीहेझ लावला की मलबार हिल चर्नी रोडला येऊन टेकते.

सवयीचं म्हणाल तर एवढंच करा: सुरुवातीला फोटो तात्पुरता कृष्णधवल करून बघा आणि फक्त कर्व्ह्जने (उजेड-सावली वक्ररेषेने बदलायचं हत्यार) उजेड नीट बसवा. तिथे चित्र उभं राहिलं तरच रंगाला हात लावा. झालं की फाइल बंद करा, दुसऱ्या दिवशी उघडा. डोळा दहा मिनिटांत भडक रंगाला सरावतो आणि अजून थोडं, अजून थोडं होत जातं. विकतचे प्रीसेट (तयार सेटिंगचे संच) घेऊ नका, ते दुसऱ्या कुणाच्या तरी उजेडासाठी बनवलेले असतात. त्यांतलं ते हिरवट-निळं आणि केशरी मिश्रण दादरच्या ताडपत्रीवर तर बघवत नाही. मूळ फाइल कायम वेगळी ठेवा, आणि जेपेग पुन्हा पुन्हा उघडून सेव्ह करू नका, प्रत्येक वेळी त्यातलं थोडं जातं. गिंपची स्वतःची एक्ससीएफ फाइल ठेवा, जेपेग शेवटी एकदाच काढा.

राहिली प्रिंट. तुमच्या लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण आहे असं तुम्हीच लिहिलंय, कारण तिथेच आहे. स्क्रीन स्वतः उजळते, कागद खोलीतला उजेड परत देतो. पांढरं पान उघडून ते शेजारी धरलेल्या कोऱ्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा, मग एडिट करा. रात्री आपोआप चालू होणारा नाइट लाइट बंद आहे ना तेही पाहा, तो चालू असताना व्हाइट बॅलन्स करणं व्यर्थ. फोनचा 'व्हिव्हिड' डिस्प्लेही नैसर्गिकवर आणा.

फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत द्या. ४ बाय ६ च्या प्रिंटला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे ४:३, आणि ही प्रिंट ३:२. लॅब वरून-खालून मिळून सुमारे ११ टक्के कापते. तुमच्या घुमटावरच्या पुतळ्याचं डोकं त्यातच गेलं असणार. क्रॉप स्वतः करून द्या. काउंटरवर 'ऑटो करेक्शन करू नका' असं सांगा, नाहीतर त्यांचं मशीन तुमच्या अंधाऱ्या फोटोला पुन्हा उजळतं. १२ बाय १८ काढायचा विचार असेल तर त्याच फाइलची एक ४ बाय ६ आधी काढून दिवसाच्या उजेडात बघा. आणि लॅबवाल्याला फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर न्या.

झेंडूच्या फोटोची मूळ फाइल असेल तर इथे टाका, लाल रंग किती वाचतो ते बघून सांगतो.