झोन बघताना चेंडू सोडून पाय बघ

तू विचारलंस, बास्केटबॉलमधला २-३ झोन (दोघे पुढे, तिघे मागे, प्रत्येकाने आपापली जागा राखायचा बचाव) कुठून शिकू? सिराक्यूज या अमेरिकन विद्यापीठाचे जुने सामने लाव. जिम बोहाइम तिथे १९७६ ते २०२३ प्रशिक्षक होते आणि हा झोन त्यांची ओळख झाला. पण २००३ चा कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना आधी बघ. शेवटच्या क्षणी कॅन्ससच्या खेळाडूने कोपऱ्यातून तीन गुणांचा फटका मारला, तर हकीम वॉरिक आतून झेपावत आला आणि त्याने तो अडवला. सिराक्यूज ८१-७८ने जिंकलं. तो क्षण मी अजूनही थांबवून थांबवून बघतो! झोनचा सगळा जीव त्या धावेत आहे.

१९८६-८७ मध्ये कॉलेजच्या खेळात तीन गुणांची रेषा आली (तिच्या बाहेरून बास्केट केली की तीन गुण), तेव्हापासून नुसती बास्केटखाली गर्दी करून भागत नाही. २०१९ मध्ये पुरुषांसाठी रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर गेली आणि धावायचं अंतर आणखी वाढलं.

म्हणून सरावात आधी एकच गोष्ट पक्की कर. चेंडू कोपऱ्यात गेला की त्या बाजूचा मागचा खेळाडू बाहेर, सेंटर (मागच्या तिघांतला मधला) त्याच्या जागी, पलीकडचा मध्ये. आणि फ्री थ्रो रेषेजवळची, म्हणजे झोनच्या मधोमधची जागा? झोन बहुतेक तिथेच फुटतो. पुढच्या दोघांनी तिथला पास तोडायचाच, आणि बोलत राहायचं.