जुन्या फियाट ११०० चे ब्रेक दाबले की गाडी डावीकडे ओढते. ड्रम बदलावेत का?

लगेच बदलू नका. आधी चारही ड्रम (चाकासोबत फिरणारी ब्रेकची गोल भांडी) उतरवा. गाडी डावीकडे ओढते म्हणजे बहुधा उजव्या चाकाचा ब्रेक कमी लागतोय: व्हील सिलिंडर (तेलाच्या दाबाने ब्रेक ढकलणारा चाकातला भाग) गळून लायनर (ड्रमवर घासणारं अस्तर) तेलकट झालंय किंवा पिस्टन गंजून अडकलाय. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उभ्या गाडीचं हे नेहमीचंच. तेल प्यालेलं लायनर धुऊन वापरू नका, त्या अॅक्सलच्या (समोरासमोरच्या चाकांच्या जोडीच्या) दोन्ही बाजूंची बदला. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, त्यामुळे धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ड्रमवर चर असतील किंवा तो अंडाकृती झाला असेल, तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये लेथवर घासून मिळेल. मात्र एका अॅक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाचे करायला सांगा आणि कमाल व्यासाची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघूनच द्या. मर्यादा ओलांडली असेल तरच नवा ड्रम.

ब्रेक ऑइलचे रबरी होज (नळ्या) जुने असतील तर विचार न करता बदला. आतून फुगलेला होजही गाडी ओढायला लावतो, आणि हे फार मेकॅनिक बघत नाहीत. ब्रेक ऑइल डॉट ३ या दर्जाचंच घाला. त्यात इंजिन ऑइलचा थेंबही गेला तर रबरी सील फुगतात. शेवटी शू (लायनर बसवलेले ब्रेकचे तुकडे) अॅडजस्ट करून ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढा. चाचणी मोकळ्या सपाट रस्त्यावर घ्या, गगनबावड्याचा घाट नंतर.